रिकामे रकाने

माझ्यासमोरच्या तक्त्यातील एका ओळीनुसार रुग्णाचे हृदय २१ वाजून १४ मिनिटांनी बंद पडले, आणि ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून ॲड्रेनॅलिनचे पहिले इंजेक्शन २१ वाजून १० मिनिटांनी दिले गेले. दोन वेळांची वजाबाकी करणाऱ्या रकान्यात संगणकाने निमूटपणे ‘उणे ४’ लिहून ठेवले आहे. त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. मला वाटते, आणि असे वावगे वाटून घेण्याचाच मला पगार मिळतो. मी त्या ओळीवर खूण केली आणि जिथून ही नोंद आली तिथल्या समन्वयकांना क्वेरी पाठवली: दोन्ही वेळा मूळ कागदावरून पडताळून कळवाव्यात. उत्तर यायला आठवडा लागेल, कदाचित तीन लागतील. तोवर ती ओळ तशीच राहील.

मी जैवसंख्याशास्त्रज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे आपत्कालीन वैद्यकातील संशोधनात काम करते. हे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सायरन, स्ट्रेचर आणि धावपळ उभी राहते, आणि मग कामाचे खरे स्वरूप सांगताना मलाच ओशाळल्यासारखे होते, कारण मी कधीच धावत नाही. ज्या विभागात कोणाला दोन घास नीट खाण्याची सवड नसते, तिथल्या घडामोडींवर मी महिनोन्‌महिने खुर्चीत बसून विचार करते. एखाद्या माणसाच्या आयुष्यातील सर्वांत वाईट वीस मिनिटे माझ्यापर्यंत एका आडव्या ओळीच्या रूपात पोहोचतात: वय, लिंग, वेळा, रक्तदाब, औषधाच्या खोक्याचा क्रमांक, तीस दिवसांनी जिवंत की मृत. या ओळींना छेदणाऱ्या उभ्या रकान्यांत काय लिहिले आहे हे वाचायला फारसे शिक्षण लागत नाही. माझी बहुतेक वर्षे तिथे काय लिहिलेले नाही, आणि ते का लिहिलेले नाही, याचा माग काढण्यात गेली आहेत.

वेळेचेच घ्या. आपत्कालीन वैद्यकात वेळ हे सर्वांत महत्त्वाचे मोजमाप आहे आणि तेच सर्वांत कच्चे आहे. एका रुग्णाच्या प्रवासात निदान चार घड्याळे असतात: फोन घेणाऱ्या नियंत्रण कक्षाचे, रुग्णवाहिकेतील टॅबलेटचे, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटर यंत्राच्या पोटातले आणि इमर्जन्सी विभागाच्या भिंतीवरचे, शिवाय परिचारिकेच्या मनगटावरचे पाचवे. ही पाचही घड्याळे एकमेकांशी जुळतील अशी अपेक्षा जो ठेवतो तो या क्षेत्रात नवा असतो. यंत्रातले घड्याळ कोणी तपासलेले नसते, भिंतीवरचे कोणीतरी मुद्दाम पाच मिनिटे पुढे लावलेले असते, आणि मनगटावरचे ऐन वेळी पाहिलेच जात नाही, कारण ते मनगट रुग्णाच्या छातीवर दाब देण्यात गुंतलेले असते. वेळ नंतर लिहिली जाते: हातमोज्यावर, चिकटपट्टीच्या तुकड्यावर आणि पुष्कळदा आठवणीतून. त्यामुळे हजारभर रुग्णांच्या वेळांचा आलेख काढला की सगळी मिनिटे सारख्या प्रमाणात दिसत नाहीत. ००, ०५, १०, १५, ३० या ठिकाणी कंगव्याच्या दातांसारखे उंच खांब उभे राहतात आणि मधल्या मिनिटांत जणू कोणाला काही झालेच नाही. अशा पाचाच्या पटीत गोळा झालेल्या वेळांची आम्ही दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत सरासरी काढतो. त्याचे हसू येते, पण सरासरी काढावी लागतेच.

या गोंधळाला निदान शब्दांची शिस्त लागावी म्हणून १९९० साली नॉर्वेतील उट्स्टाइन मठात युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञ एकत्र आले, आणि त्या चर्चांतून १९९१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना कशा नोंदवाव्यात याची शिफारस प्रसिद्ध झाली. तोवर दोन शहरांतील जगण्याच्या प्रमाणाची तुलना करणे जवळपास व्यर्थ होते. कोणी हृदय बंद पडलेल्या सर्वांना छेदात धरत असे, कोणी फक्त ज्यांच्यावर प्रयत्न झाले त्यांना, तर कोणी केवळ अशांना, जे दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांदेखत कोसळले आणि ज्यांच्या हृदयाची लय विजेच्या झटक्याने सुधारण्याजोगी होती. अंश तोच ठेवून छेद आखडता घेतला की कोणतीही सेवा कार्यक्षम दिसते. मला या बैठकीचे कौतुक अशासाठी वाटते की तिथे नवे औषध किंवा नवे यंत्र निघाले नाही. कोणाला मोजायचे आणि घड्याळ कोणत्या क्षणी सुरू करायचे, एवढेच ठरू लागले.

आता माझ्या सुरुवातीच्या काळातील एक चूक सांगते. अपघातात जखमी झालेल्या रुग्णांची नोंदवही माझ्या हाती आली होती, आणि विभागात पाऊल ठेवताच मोजलेल्या गोष्टींवरून मृत्यूचा अंदाज बांधता येतो का, हे पाहायचे होते. बऱ्याच ओळींमध्ये रक्तदाबाचा रकाना कोरा होता. महाविद्यालयात शिकवल्याप्रमाणे मी अपूर्ण ओळी वगळल्या, उरलेल्यांवर गणित मांडले, आणि निकाल इतका देखणा आला की तो मांडताना माझ्या आवाजात एक प्रकारची ऐट आली असावी. सादरीकरण संपल्यावर मागच्या रांगेत बसलेल्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी विचारले, की मी वगळलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले. मी म्हणाले, त्यांचा रक्तदाब घ्यायचा राहून गेला होता, म्हणून ते धरता आले नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, घ्यायचा राहिला नव्हता. लागला नव्हता. ज्याची नाडीच हाताला लागत नाही, त्याचं बीपी कुठून लिहिणार?”

मी परत येऊन वगळलेल्या ओळी मोजल्या. त्यांतील मृत्यूंचे प्रमाण उरलेल्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते. ज्या रुग्णांसाठी हा सगळा खटाटोप होता, नेमके तेच मी नीटनेटकेपणाच्या नावाखाली खोलीबाहेर काढले होते, आणि मग उरलेल्यांकडे पाहून मृत्यूविषयी बोलत होते. त्या दिवशी वाटलेली लाज आता बोथट झाली आहे. ‘लागला नव्हता’ हे क्रियापद मात्र माझ्या कामाच्या शब्दकोशात कायमचे येऊन बसले.

पुढे कळले की गोष्ट एवढीही सरळ नाही, कारण त्याच विभागात कोऱ्या रकान्याचा नेमका उलटा अर्थही असतो. डोके आपटले म्हणून आणलेले मूल विभागभर पळत सुटलेले असते, परिचारिकेच्या पेनाशी झोंबत असते, आणि अशा मुलाच्या शुद्धीची पातळी कोणी अंकांत लिहीत बसत नाही. तिथे कोरा रकाना म्हणजे ‘उत्तम’. शेजारच्या खाटेवरील कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘फुरसतच मिळाली नाही’ असा असतो. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोन शल्यविशारदांनी मांडलेले शुद्धीचे मोजमाप आजही जगभर वापरतात. डोळे, बोलणे आणि हालचाल यांना वेगवेगळे गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज येते. पण घशात श्वासासाठी नळी घातलेला रुग्ण बोलूच शकत नाही. त्याच्या बोलण्याच्या रकान्यात कोणी १ लिहितो, कोणी ‘तपासता आले नाही’ असे लिहितो, कोणी तो मोकळा सोडतो. तीन डॉक्टरांनी एकच रुग्ण पाहिला तरी माझ्याकडे तीन वेगवेगळी माणसे येतात. काही गुणांकन-पद्धतींमध्ये तर न मोजलेली गोष्ट सामान्य आहे असेच धरून चालतात, ही सोय मला नेहमी धाडसाची वाटत आली आहे.

गहाळ आकडे भरून काढण्याच्या रीती आमच्याकडे आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. रुग्णाचे वय, जखमा, श्वासाची गती असे ठाऊक असलेले तपशील वापरून कोऱ्या जागी संभाव्य आकडे भरायचे, असे एकदाच न करता अनेकदा करायचे, आणि प्रत्येक वेळच्या उत्तरांतील तफावत आपल्या अनिश्चिततेत मिळवायची, हा त्यांचा गाभा आहे. त्यामागचे गृहीतक असे, की रकाना कोरा राहण्याचे कारण आपण लिहिलेल्या इतर रकान्यांत कुठेतरी सापडते. सिस्टरांच्या उदाहरणात ते कारण त्या कोऱ्या रकान्याच्याच आत होते: रक्तदाब इतका खाली गेला होता, म्हणूनच तो लिहिता आला नाही. अशा ठिकाणी गणित कितीही घोटले तरी उत्तर कागदावर उमटत नाही. खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारावे लागते. तेव्हापासून मी ज्या ज्या नोंदपत्रिकेच्या आखणीत बसले, तिथे रक्तदाबाखाली तीन चौकोन जास्तीचे घालायला लावले: ‘मोजला नाही’, ‘मोजण्याचा प्रयत्न केला, लागला नाही’, ‘मोजण्याआधी मृत्यू’. पत्रिका लांबते म्हणून डॉक्टर कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर रास्त असते. तरी चौकोन राहतात.

कोऱ्या रकान्याहून अवघड असते ती अख्खी ओळच नसणे. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे औषध अपघातग्रस्तांना द्यावे का, हे तपासणाऱ्या क्रॅश-२ या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ४० देशांतील २७४ रुग्णालये आणि २०,२११ रुग्ण, एवढा तिचा पसारा होता. औषध मिळालेल्यांत १४.५ टक्के मरण पावले आणि प्लासिबो, म्हणजे औषधासारखेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन, मिळालेल्यांत १६.० टक्के, म्हणजे साधारण ६७ रुग्णांना औषध द्यावे तेव्हा एक जीव जास्तीचा वाचतो. वैयक्तिक अनुभवातून हा फरक कोणत्याही डॉक्टरला आयुष्यभरात जाणवला नसता. दुसऱ्या वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड झाली. दुखापतीपासून एका तासाच्या आत उपचार झालेल्यांत रक्तस्रावाने मरणाऱ्यांचे प्रमाण औषधाने ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर आले होते. तीन तास उलटून गेल्यावर मात्र औषध मिळालेल्यांत ते ४.४ टक्के होते आणि न मिळालेल्यांत ३.१, म्हणजे बाजू उलटली होती.

हा तक्ता शिकवताना मी विद्यार्थ्यांना प्लासिबोचाच रकाना वरून खाली वाचायला सांगते. ज्यांना काहीही औषध मिळाले नाही त्यांच्यापैकी लवकर पोहोचलेले ७.७ टक्के रक्तस्रावाने गेले, आणि उशिरा पोहोचलेले फक्त ३.१ टक्के. तर मग उशिरा येणे चांगले का? कोणीतरी अडखळत हेच म्हणते, आणि वर्ग हसतो. ज्यांचा रक्तस्राव सर्वांत भयंकर होता ते तीन तास तग धरूच शकले नाहीत. ते वाटेतच, किंवा जिथे कोसळले तिथेच गेले, आणि त्यांच्या नावाची ओळ कोणत्याच तक्त्यात कधी उघडली गेली नाही. उशिरा आलेल्यांचा गट म्हणजे तोवर जगलेल्यांचा गट.

हृदय बंद पडलेल्या रुग्णांना ॲड्रेनॅलिन देण्याविषयीचा वाद याच गफलतीने वर्षानुवर्षे गढूळ राहिला. हे औषध अनेक दशके वापरात होते. नोंदवह्या चाळल्या तर ते मिळालेल्यांची गत न मिळालेल्यांपेक्षा वाईट दिसे, आणि काही जण त्यावरून औषध घातक आहे असा निष्कर्ष काढत. पण ज्याचे हृदय पहिल्या एक-दोन झटक्यांत सुरू झाले त्याला ॲड्रेनॅलिन देण्याची पाळीच येत नाही. औषध मिळते ते प्रयत्न लांबलेल्यांना, आणि जितका वेळ लांबेल तितकी आशा कमी. म्हणजे औषधाच्या कपाळी जो दोष येतो त्यातला मोठा भाग वेळेचा असतो. गणिती सुधारणांनी तो थोडाफार वेगळा काढता येतो. पुरता वेगळा काढायचा, तर कोणाला औषध मिळावे हे चिठ्ठीवर सोपवावे लागते.

ब्रिटनमधील पाच रुग्णवाहिका सेवांनी ते केले. पॅरामेडिक-२ या चाचणीत ८,०१४ रुग्णांपैकी निम्म्यांना ॲड्रेनॅलिन आणि निम्म्यांना खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन मिळाले, आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी हृदय पुन्हा सुरू झाले ते ॲड्रेनॅलिनच्या गटात ३६.३ टक्के रुग्णांचे, तर दुसऱ्या गटात ११.७ टक्के रुग्णांचे. रस्त्यावर, रुग्णाशेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसाला हे औषध जादूसारखे का वाटते ते या जोडीवरून कळते: त्याच्या बोटांखाली तिप्पट वेळा नाडी परत लागते. तीस दिवसांनी जिवंत असलेल्यांची जोडी ३.२ आणि २.४ टक्के. आणि मेंदूचे कार्य चांगले राखून घरी जाण्याजोगे झालेल्यांची २.२ आणि १.९, हा फरक इतका लहान की तो योगायोगाचा नाही असे म्हणता येईना. जगलेल्यांमध्ये तीव्र मेंदूविकलता राहिलेले ॲड्रेनॅलिनच्या गटात ३१.० टक्के होते, दुसऱ्या गटात १७.८ टक्के.

हे आकडे मी कितीदा फळ्यावर लिहिले असतील त्याची गणती नाही. एका हजार रुग्णांमागे आठ जण जास्तीचे जगले, आणि त्यांपैकी स्वतःचे स्वतः उठून पाणी घेऊ शकतील असे किती, याचे खात्रीचे उत्तर मिळाले नाही. इथे माझे शास्त्र मुकाट्याने बाजूला होते. हा लाभ आहे की नाही हे ठरवण्याचे सूत्र माझ्यापाशी नाही. आणि तरीही ‘मुख्य निष्पत्ती’ या मथळ्याखाली कोणता रकाना ठेवायचा, हृदय सुरू होण्याचा, जगण्याचा की शुद्धीत जगण्याचा, या चर्चेला मला बसावेच लागते. मी माझे मत देते. पुष्कळदा ते डॉक्टरांच्या मतापेक्षा वेगळे असते, कारण त्यांनी नाडी परत लागलेली अनुभवलेली असते आणि मी फक्त तीस दिवसांनंतरचा रकाना पाहिलेला असतो.

हा निर्णय मात्र एकही आकडा हाती येण्याआधी व्हायला हवा, यावर मी कधी माघार घेत नाही. चाचणी चालू असतानाच आम्ही विश्लेषणाचा आराखडा लिहितो, आणि त्याच्या शेवटी सगळे तक्ते तयार करून जोडतो: मथळे, ओळी, रकाने, तळटिपा, सारे जागच्या जागी, फक्त आकड्यांच्या ठिकाणी कोरे चौकोन. माझ्या कामातले मला आवडणारे रिकामे रकाने ते हेच. त्यांवर सह्या होतात, तारीख पडते, आणि मगच नोंदी कुलूपबंद करून कोणाला काय मिळाले याची पेटी उघडली जाते. एकदा आकडे दिसले, की कोणत्याही प्रामाणिक माणसाला एखादा उपगट अचानक महत्त्वाचा वाटू लागतो, आणि तो आपल्याला आधीपासूनच महत्त्वाचा वाटत होता असेही त्याला मनापासून वाटते. मी स्वतःलाही यातून वगळत नाही. म्हणून तर सही आधी हवी.

“दोनशे रुग्णांत भागणार नाही का?” हा प्रश्न मला दर काही महिन्यांनी ऐकावा लागतो. भागले असते तर बरेच झाले असते. २००१ मध्ये एकाच केंद्रातील २६३ रुग्णांवरील चाचणीत जंतुसंसर्गाच्या तीव्र आघातावर ठरावीक टप्प्यांनी केलेल्या आक्रमक उपचारांमुळे रुग्णालयातील मृत्यू ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर आल्याचे दिसले, आणि जगभरच्या पद्धती बदलल्या. २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया आणि ब्रिटनमधील तीन मोठ्या चाचण्यांत त्या नेमक्या टप्प्यांचा जास्तीचा फायदा दिसला नाही. दरम्यानच्या काळात नेहमीचे उपचारच सुधारले होते हेही खरे, आणि त्या सुधारणेत पहिल्या चाचणीचा वाटा होता हेही खरे. विचारणाऱ्याला यातले काय सांगावे हे त्याच्याकडे किती वेळ आहे यावर ठरते.

काही वेळा तर जे तपासण्याची गरजच नाही असे सर्वांना वाटते, तेच तपासावे लागते. डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना तीस वर्षांहून अधिक काळ स्टेरॉइड दिली जात होती, कारण मेंदूची सूज उतरवायची तर ती द्यावीत हे तर्काला धरून होते. २००४ मध्ये पहिली क्रॅश चाचणी १०,००८ रुग्णांनंतर थांबवावी लागली: स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत मरण पावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. २०११ ची फीस्ट चाचणी युगांडा, केनिया आणि टांझानियातील तापाने गंभीर झालेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांवर झाली. अशा मुलाला शिरेतून भराभर द्रव द्यावा हे पाठ्यपुस्तकातील वाक्य होते. तसा द्रव दिलेल्या दोन गटांत ४८ तासांतील मृत्यू १०.६ आणि १०.५ टक्के होते, आणि न दिलेल्या गटात ७.३. हे आकडे पहिल्यांदा ज्याने संगणकावर पाहिले असतील त्याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. त्याने आधी आपली गटांची सांकेतिक खूण उलटी तर लागली नाही ना, हे तपासले असणार. मी तरी तेच केले असते.

संमतीचा प्रश्न आमच्याकडे वेगळ्याच रूपात उभा राहतो, कारण बेशुद्ध माणसाला सही मागता येत नाही आणि नातेवाईक सापडेपर्यंत उपचाराची वेळ निघून जाते. अमेरिकेत १९९६ पासून अशा संशोधनासाठी वेगळा नियम आहे. आधी समाजाशी चर्चा करावी लागते, चाचणीची जाहीर माहिती द्यावी लागते, आणि तिथल्या काही चाचण्यांत ज्यांना सहभाग नको त्यांनी मनगटावर खुणेचे कडे घालावे अशी सोय होती. इतर अनेक ठिकाणी उपचार आधी होतो आणि पुढची माहिती वापरण्याची परवानगी रुग्ण सावरल्यावर त्याच्याकडून किंवा कुटुंबाकडून घेतली जाते. नीतीच्या अंगाने यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझी अडचण त्याहून कोरडी आहे. मृताला नकार देता येत नाही, जगलेल्याला देता येतो. आणि अपंगत्व घेऊन घरी आलेल्या माणसाचे कुटुंब प्रश्नावलीसाठी येणाऱ्या फोनला ‘आता पुरे’ म्हणण्याची शक्यता जास्त असते. एखादे औषध अशाच माणसांना जास्त जगवत असेल, तर त्याच गटाचे रकाने जास्त कोरे राहतील, आणि औषध आहे त्याहून चांगले दिसेल. त्या कुटुंबाला नकाराचा पूर्ण हक्क आहे. तो त्यांनी बजावला की माझ्या तक्त्यात एक कोरी जागा येते, आणि तिच्याकडे बोट दाखवण्यापलीकडे मी काही करू नये.

एका चाचणीत मी स्वतंत्र संख्याशास्त्रज्ञ होते, म्हणजे कोणत्या खोक्यात औषध आणि कोणत्या खोक्यात प्लासिबो हे ठाऊक असलेली चाचणीतील जवळपास एकटीच. देखरेख समितीच्या बंद दाराआडच्या बैठकीत मी पहिला अहवाल ठेवला तेव्हा एका गटात मृत्यू ठळकपणे कमी होते. अशा मधल्या टप्प्यावर चाचणी थांबवण्याची अट मुद्दाम कडक ठेवलेली असते, कारण पुन्हा पुन्हा डोकावून पाहत राहिले की निव्वळ योगायोगाने केव्हा ना केव्हा मोठा फरक दिसतोच. आमचा आकडा त्या अटीच्या अलीकडेच राहिला होता. समितीने पाऊण तास चर्चा केली आणि चाचणी पुढे चालू ठेवली. पुढचे आठ महिने मला रोज ठाऊक होते की त्या दिवशी चिठ्ठी कोणाला कोणत्या बाजूला पाठवत आहे. चाचणीतील एक डॉक्टर मला जिन्यात भेटत आणि विचारत, “मॅडम, कसं चाललंय?” मी म्हणत असे, “रकाने भरताहेत, सर.” ते हसून पुढे जात, त्यांनाही याहून अधिक ऐकायचे नव्हते. दुसऱ्या बैठकीपर्यंत तो फरक जवळजवळ विरघळून गेला होता. समितीचा निर्णय बरोबर ठरला, आणि तरी मला त्या आठ महिन्यांकडे समाधानाने पाहता येत नाही.

‘उणे ४’चे उत्तर अकराव्या दिवशी आले. समन्वयकांनी लिहिले होते: हृदय बंद पडल्याची वेळ डिफिब्रिलेटरवरून घेतली होती, इंजेक्शनची भिंतीवरच्या घड्याळावरून. आज यंत्र तपासले, ते सहा मिनिटे पुढे आहे. त्या रात्री किती होते ते सांगता येणार नाही. खाली सिस्टरांनी दिलेली माहिती म्हणून एक ओळ होती, की इंजेक्शन लगेचच दिले होते, एवढे पक्के आठवते.

सहा मिनिटे वजा केली तर अंतर दोन मिनिटांचे येते, जे अगदी विश्वासार्ह दिसते, आणि म्हणूनच मी ते लिहिले नाही. मूळ नोंदीला हात लावायचा नसतो, ती तशीच राहिली. विश्लेषणासाठी काढलेल्या रकान्यातील ‘उणे ४’ मी काढून टाकले, जागा मोकळी ठेवली, शेजारच्या रकान्यात ‘घड्याळे जुळत नाहीत’ या कारणाचा सांकेतिक अंक लिहिला, आणि क्वेरी बंद केली. नोंदी तपासताना निकालाचा रकाना आम्ही झाकून ठेवतो, त्यामुळे तो रुग्ण तीस दिवसांनी होता की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.